कापूस गेल्यावरचा आवाज

जरा जवळ सरका. ही गोष्ट माझ्या घरी कळता कामा नये.

परदेशात कुठे लढाई लागली आणि इकडे कापसाला असा भाव चढला, की अकोल्यात माणसं अंगणात झोपत आणि कापूस घरात. आमची बैठकीची खोली आढ्यापर्यंत भरलेली.

त्यातच हिवरखेडचे पाहुणे मला पाहून गेले. मी पडलो लाजाळू. नाव विचारलं तर नुसते ओठ हलले. "पोरगा मुका दिसते," म्हणत ते उठलेच.

बाबा म्हणाले, "आता अमरावतीचे येऊन राहिले. या खेपेले तोंड उघडजो, नाई तं राह्य तसाच बिनलग्नाचा."

वहिनीने माझा सराव घेतला. मी मागच्या खिडकीशी, कापसाच्या पलीकडे; ती दाराशी.

"नाव काय?"

"महादेव."

"काई ऐकू नाई आलं, भाऊजी. पोटातून बोला."

आवाज हवेतून चालतो. पण वाटेत कापूस आला की त्याच्या धाग्यांत शिरतो आणि तिथेच विरतो. शाळा लवकर सुटलेल्याला हे कोण सांगणार? मी रोज आवाज चढवत गेलो. शेवटी वहिनी म्हणाली, "हां, आता बरोबर." तोच आवाज मी घोटला.

पाहुणे यायच्या सकाळीच बाबांनी सगळा कापूस बाजारात धाडला. खोली लख्ख रिकामी. खाली फरशी, चारी बाजूंना दगडी भिंती.

"नाव काय, बापू?" मुलीच्या वडिलांनी मायेनं विचारलं.

मी सांगितलं. नाव भिंतींवर आपटून पुन्हा माझ्याच अंगावर आलं. मुलीच्या मामांच्या हातातलं पाणी सांडलं. गोठ्यातल्या बैलानं दावं तोडलं.

"बहिरा हाय वाटते," मामा म्हणाले. "बहिरेच असे बोलतेत."

"मले ऐकू येते," मी त्याच आवाजात म्हणालो.

मामा माझ्या पाठीमागे गेले आणि हळूच पुटपुटले, "लग्नाची लय घाई दिसते तुले?"

अक्षर न् अक्षर ऐकलं. पण बाबांसमोर असल्या प्रश्नाला काय उत्तर देणार? मान खाली घालून बसलो.

"पायलं? काईच नाई ऐकलं."

मुलीच्या वडिलांचा चेहरा मात्र उजळला. मग म्हणाले, "आमची पोरगी तोंडानं फटकळ हाय. तिले असाच नवरा पायजे."

मी तोंड उघडणार, तोच बाबांनी माझा पाय दाबला आणि तिथेच सुपारी फोडली.

लग्नाला वर्ष होत आलं. बायकोला खरं सांगायचं रोज ठरवतो. काल ती माझ्यासमोरच शेजारणीला म्हणाली, "सभावानं गरीब हायेत, पण देवानं अक्कल लय कमी देली."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी हसून मान डोलावली.