राणीछाप रुपयाची सपाट कड

टांकसाळीची चूक सापडली की मला जो आनंद होतो, तो मी चारचौघांत सांगत नाही. चुकलेलं नाणं म्हणजे लोकांना खोटं नाणं वाटतं. आमच्यासारख्या नाणी जमवणाऱ्या छांदिष्टांचा मात्र त्याच्यावर जीव जडतो.

आईच्या मागे तिचा राणीछाप रुपया माझ्याकडे अमरावतीला आला. कडेवरच्या बारीक उभ्या रेघा शाबूत होत्या, फक्त अंगठा टेकेल एवढ्या जागी कड सपाट होती. रुपया पाडण्याआधी चांदीची चकतीच चुकीची कापली गेली, तर अशी जागा राहते. हे तेच, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात अकोल्याहून वहिनीचा फोन आला. जठारपेठेतल्या घरी भावाला नात झाली होती.

"ताई, बारशाले याल तं तो रुपया घेऊन या. पोरीले चाटवायचा हाये."

"चांदीचा नवा चमचा देऊ ना तिले."

"चमचा काहून? रुपयाच पायजे. आमच्या दोन्ही पोरायले त्यानंच चाटवलं."

फोन ठेवला आणि माझं डोकं फिरलं. चूक खरी असेल तर त्या रुपयाला दुधाचं बोटही लागू द्यायचं नाही. नुसती झीज असेल तर वहिनीचा हट्ट पुरवायचा. असं ठरवून मी भिंग घेऊन बसले.

चकती चुकीची कापलेली असेल तर बरोबर समोरचा काठही कमजोर राहतो, कारण काठ वळवताना तिथे दाब पुरत नाही. इथे समोरचा काठ चांगला उठावदार होता. रेघाही एकदम तुटत नव्हत्या, सपाट जागेकडे येताना उथळ होत विरत होत्या. आणि त्या जागेवर केसासारखे बारीक ओरखडे, सगळे एकाच दिशेचे. टांकसाळीची चूक नव्हतीच. माझा रुपया कुणीतरी घासला होता! अशी चिडले की काय सांगू, आणि रुपया घेऊन चिडलेल्या तोंडानेच अकोल्याच्या बसमध्ये बसले.

बारशाआधी वहिनीने बाळंतिणीच्या खोलीत सहाण मांडली. तिच्यावर बाळाच्या आईच्या दुधाचे थेंब घातले. रुपया हातात घेऊन ती सपाट जागा बोटाने चाचपून शोधली आणि सहाणेवर टेकवून उगाळायला लागली. मी बघतच राहिले. लहानपणी आम्हाला त्या खोलीत कुणी फिरकू द्यायचं नाही, त्यामुळे रुपया दुधात बुडवून ओठाला लावतात, एवढंच मला ठाऊक.

"त्याच जागी काहून?"

"सासूबाईनं सांगून ठेवलं हाये, नवी जागा धरायची नाई. घरातलं पयलं लेकरू जिथून चाटलं, तिथूनच सगळ्यायनं चाटायचं. शेजारपाजारच्या लेकरायलेही त्यायनं याच जागी उगाळून देल्लं." वहिनी हसली. "पयलं लेकरू तुमीच ना, ताई."

जी चांदी गेली कुठे म्हणून मी भिंगाखाली शोधत होते, तिचा पहिला कण माझ्याच पोटात गेला होता. मग भावाच्या, त्याच्या मुलांच्या, आणि कुणाकुणाच्या. ती लेकरं आता अकोल्यात दुकानं चालवतात, कोर्टात जातात, भांडतात, आणि एकालाही हे माहीत नसणार.

"सरका, वहिनी," मी म्हणाले.

रुपया सहाणेवर धरला. ती जागा दगडावर आपोआप बसली. दुधात पुसटशी करडी रेघ उमटली. मी त्या दुधाचं बोट पोरीच्या ओठाला लावलं. तिने तोंड वेडंवाकडं केलं, जीभ बाहेर काढली आणि सगळं चाटून घेतलं.

निघताना वहिनीने रुपया पुसून माझ्यापुढे धरला. "घ्या ताई, तुमच्याजवळ सांभाळून राईन."

मी तो परत सहाणेवर ठेवला. माझ्या नाण्यांच्या कप्प्यात तो नुसता शाबूत राहिला असता.