मानेवरची लव

शहाद्याहून तळोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत निर्मलाबाईचं गाव. गेली बारा वर्षं ती कोंबडीची पिल्लं वाढवून विकते. एका दिवसाची पिल्लं आणायची, परसातल्या खोलीत पत्र्याच्या गोल कड्यात बल्बखाली ठेवायची, आणि उबेवाचून राहू लागली की डोंगरातल्या बायांना द्यायची. तिच्याकडचं पिल्लू जगतं, असं तळोद्याच्या बाजारात बोललं जायचं.

म्हणूनच पाच वर्षांपूर्वी, ऐन जानेवारीत, धनुबाई तिच्याकडे आली. सातपुड्यात वरच्या अंगाला तिचं कुडाचं घर, वीज नाही. तिला चाळीस पिल्लं हवी होती.

"दिवा लागेल का त्यांना?" तिने दोनदा विचारलं.

पिल्लं जेमतेम तीन आठवड्यांची. पंखांवर पिसं आली होती, पण मानेवर, पाठीवर अजून पिवळी लव होती. निर्मलाबाईचा नवरा मगन दारातून म्हणाला, "पंधरा दिन थांबू दे तिले. वर थंडी लई शे." पण नवी पिल्लं उद्या यायची होती, खोली रिकामी हवी होती.

"आते काही लागत नही," निर्मलाबाई म्हणाली. "पंख फुटनात ना येस्ले."

चौथ्या दिवशी धनुबाई परत आली. भांडली नाही. नेलेली टोपली तिने ओट्यावर ठेवली. धुऊन आणली होती.

"एकमेकांवर चढली," ती म्हणाली. "खालची दबून मेली, वरची गारठून. रात्रभर ओरडत होती. तू म्हणालीस ऊब लागत नाही. मला वाटलं, भूक लागली. मी उठून उठून दाणे टाकत होते."

निर्मलाबाईने दुसरी पिल्लं देऊ केली. धनुबाईने मान हलवली आणि जीप गाठायला निघून गेली.

त्या दिवसापासून निर्मलाबाईला तो आवाज येऊ लागला. सुखात असलेलं पिल्लू बारीक, थांबून थांबून बोलतं. गारठलेलं उंच सुरात, श्वास न घेतल्यासारखं ओरडतं. भाकरी थापताना, शहाद्याच्या एसटी स्टँडवर, मगनच्या दहाव्याला नदीवर बसलेली असताना, कुठेही तो कानात सुरू व्हायचा. ती खोलीकडे धावायची. पिल्लं आरामात पेंगत असायची. तरी बल्ब बंद करायला तिचा हात धजेना. पाच आठवडे झाले, सात झाले, चैत्राचं ऊन तापलं, तरी बल्ब चालूच. पिल्लांची पिसं धड भरेनात. ती एकमेकांना टोचून रक्त काढू लागली.

सून रूपालीने एका दुपारी तिला हाताला धरून आत नेलं. "आत्या, देखा ना. एक बी बल्बखाले नही. समदा भितडाले चिकटेल शेतस. येस्ले उकडी ऱ्हायनं." पिल्लांच्या चोची उघड्या होत्या, पंख अंगापासून सुटले होते. रूपालीने बटण बंद केलं.

"चालू कर!" निर्मलाबाई किंचाळली. "तुले ऐकू येस नही का?"

"काय, आत्या?"

खोलीत पंखांची फडफड तेवढी होती. निर्मलाबाई तिथेच तुसावर बसली आणि पहिल्यांदाच तिने कुणाला तरी सगळं सांगितलं.

पुढच्या आठवड्यात दोघी वीस मोठी पिल्लं घेऊन जीपने वर गेल्या. धनुबाई अंगणात होती. तिने ओळखलं, पण 'बस' म्हणाली नाही.

"मी तुले खोटं सांगेल व्हतं," निर्मलाबाई उभ्यानेच म्हणाली. "माले जागा जोयजे व्हती."

धनुबाईने पिल्लांचं खोकं पुढ्यात ओढलं. मग म्हणाली, "मी दाणे टाकत होते. अजून झोपेत माझा हात हलतो."

तिने खोक्यातलं एकेक पिल्लू उचललं, मानेवर फुंकर मारून पिसं फाकवली, खाली लव राहिलीय का ते पाहिलं. बारा ठेवली. आठ परत दिली. निर्मलाबाईने वाद घातला नाही.

आता ती बल्ब दर आठवड्याला थोडा वर उचलते. आधी दिवसा बंद ठेवते, पिल्लं पसरून बसतात की गोळा होतात ते पाहते, मग रात्रीही. उन्हाळ्यात चार आठवडे पुरतात, थंडीत सहा लागतात. तेवढ्याने भागत नाही. घेणारीच्या घरी वीज आहे का, कुडातून वारा येतो का, हेही विचारते, आणि कुणाकुणाला तसंच परत पाठवते. आवाज गेलेला नाही. थंडी पडली की येतोच, आणि ती चुलीपासून उठते.

दोघी वर जाऊन आल्या त्यानंतरच्या जानेवारीत, धुक्याच्या एका सकाळी, अनोळखी नंबरवरून फोन आला.

"बारा आहेत," पलीकडून धनुबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

आठ दिवसांनी पुन्हा आला. "बाराच आहेत."