डबा रिकामा जायचा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सांगलीच्या डॉक्टरांनाही नाही. त्यांना माझ्या न जेवण्याच्या आजाराचं सांगितलं. दिलीपचं नाही.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. कराडला खोली घेऊन शिकलो, ते आईच्या डब्यावर. कुंडलहून सकाळच्या एसटीनं डबा यायचा, संध्याकाळच्या गाडीनं रिकामा परत जायचा. त्यात घासभर जरी उरलं असतं, तरी दुसऱ्या दिवशी आईच एसटीतून उतरली असती — पोरगं का जेवलं नाही म्हणून.

आणि मी जेवत नव्हतो. शर्ट वर करून बरगड्या चाचपायचो. बोटांना नीट लागल्या की दिवस चांगला. बाप्या माणसाला असलं काही होतं, हे कुणाला सांगणार?

मग डबा जायचा कुठं? दिलीपच्या पोटात. माझ्या खोलीतला, गावचाच, आई नसलेला, मिलिटरी भरतीची तयारी करणारा. "खा रं, आईनं तुझ्यासाठीच जादा दिलंय," म्हणायचो. खोटं. तो नको म्हणाला की, "माझ्या आईच्या हातचं नको व्हय तुला?" मग तो मुकाट खायचा. मी समोर बसून बघायचो. घास त्याच्या घशाखाली उतरला की माझं पोट भरायचं. इथवर — आजार म्हणू.

पण तो अंगानं सुटत चालला, आणि मला ते आवडू लागलं. त्याला काय म्हणायचं? आईला फोन केला, भूक वाढलीय, शेंगदाण्याचे लाडू धाड. ते त्याला चारले. आणि मैदानावर पोरांसमोर मीच म्हणायचो, "सरका रं, उसाची डबल ट्रॉली आली." सगळे हसायचे. तोही हसायचा.

वयात बसणारी ती त्याची शेवटची भरती. धावण्यातच बाहेर पडला. गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. मी पाठीवर हात ठेवला. बोटांना त्याची बरगडी लागली नाही — आणि मला बरं वाटलं.

आता तो साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन आहे. गावच्या यात्रेला, मटणाच्या पंगतीत, शेजारी बसेल त्याला सांगतो, "आवं, ह्यानं सोता उपाशी राहून मला खाऊ घातलंय. लय मोठ्या मनाचा माणूस हाय." आई पदरानं डोळे पुसते. मी मान खाली घालतो; लोकांना तो विनय वाटतो.

मग माझ्या ताटातलं मटण त्याच्या ताटात सरकवतो. तो खातो. मी बघतो.