ओया-सान आणि जळणारा कचरा

बंडसुद्धा शिस्तीत करणारा एकच माणूस मी जगात पाहिला, आणि नशिबाने मी त्याचाच भाडेकरू होतो. कावासाकीतल्या आमच्या तीन मजली इमारतीचे ते मालक. जपानीत घरमालकाला 'ओया-सान' म्हणतात. आम्ही सगळे भाडेकरू त्यांना त्याच नावाने ओळखायचो आणि त्याच नावाने घाबरायचो. पंचावन्नच्या आसपास वय, काडीसारखी अंगकाठी आणि डोक्यावर करड्या केसांचा ताठ तुरा. तो तुरा त्यांच्या विशीत उभा राहिला, तो नंतर बसलाच नाही. तुरा पाहून नव्या माणसाला वाटायचं, हा गृहस्थ आता काहीतरी फोडणार. प्रत्यक्षात ते रोज सकाळी कचऱ्याच्या जाळीपाशी उभे राहून बाटल्यांची झाकणं बाटल्यांपासून वेगळी केली आहेत की नाहीत ते बघत असत. पालिकेचे नियम कडक होतेच, पण आमच्या इमारतीचे नियम पाहिले असते तर पालिकेलाही घाम फुटला असता.

पहिल्याच वर्षी मी गणपतीत फोडलेल्या नारळाची करवंटी कचऱ्यात टाकली. तासाभरात दारावर टकटक. ओया-सान ती करवंटी दोन्ही हातांत, व्हिजिटिंग कार्ड द्यावं तशी धरून उभे. माझं आडनाव लेले. जपानी जिभेला 'ल' झेपत नाही, म्हणून मी तिथे रेरे.

"रेरे-सान, ही वस्तू जळते का?"

"जळते की. आमच्याकडे बंबात घालतात."

माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी मला खाली अंगणात नेलं, पाण्याची बादली शेजारी ठेवली आणि करवंटीचा तुकडा एका पत्र्याच्या डब्यात पेटवला. करवंटी अशी काही धडाडून पेटली की दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी लावून घेतली. ओया-सान मात्र ज्वाळेकडे बघत समाधानाने म्हणाले, "जळणारा कचरा!" मग बराच वेळ गालातल्या गालात हसत राहिले. एवढं हसण्यासारखं काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

ते कळलं २०११च्या मोठ्या भूकंपानंतर. मार्चमधल्या त्या दुपारी गाड्या बंद पडल्या. मी ऑफिसातून पायी घरी पोचलो तर ओया-सान फाटकात उभे राहून एकेका भाडेकरूला आत घेत होते. माझी बायको केतकी आणि लेक त्यांच्याच खोलीत, ब्लँकेटं पांघरून बसल्या होत्या. पुढच्या आठवड्यात दोघी पुण्याला गेल्या. माझ्या प्रोजेक्टचं रिलीज तोंडावर होतं म्हणून मी थांबलो. मग रिलीज पुढे गेलं आणि मी मागे राहिलो.

त्या दिवसांत वीज पुरत नव्हती म्हणून ती ठरवून घालवायचे. अशाच एका अंधाऱ्या संध्याकाळी मेणबत्ती मागायला मी खाली गेलो. ओया-सान मांडीवर इलेक्ट्रिक गिटार घेऊन, स्पीकरला न जोडता, वाजवत बसले होते. डासांनी भजन करावं तसा आवाज येत होता.

"या, रेरे-सान. वीज नसली की मी कुणालाही त्रास न देता वाजवू शकतो," ते म्हणाले आणि मग अंधारात, कुणी विचारलं नसताना, सगळं सांगत सुटले.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा ते आणि आणखी दोघं खाडीकाठच्या पाइपांच्या कारखान्यात होते. एकाने योकोहामाच्या बंदरावर एका परदेशी खलाशाकडून पंक गाण्यांची तबकडी आणली. तिघांनी ती ऐकली आणि तिघांचं एकमत झालं, की या लोकांना काहीही वाजवता येत नाही, म्हणजे आपल्यालाही हे जमेल. कोणी काय वाजवायचं हे त्यांनी कागद-दगड-कात्री खेळून ठरवलं. ओया-सान जिंकले, त्यांनी गिटार घेतली. दुसऱ्याने बेस घेतला. हरला तो उत्तरेच्या किनाऱ्यावरून आलेला, कोळ्याचा लाजाळू पोरगा. त्याच्या वाट्याला ड्रम आले. ड्रम म्हणजे तेव्हा कारखान्यातले ऑइलचे डबे आणि मासळीचं एक खोकं. बँडचं नाव ठेवलं 'जळणारा कचरा'.

त्यांचा पहिला कार्यक्रम कारखान्याच्या वर्षअखेरच्या मेजवानीत झाला. पहिलं गाणं अर्ध्यावर आलं असताना फोरमनला वाटलं मशीनचा पट्टा तुटला. त्याने धावत जाऊन मेन स्विच बंद केला. दुसरा कार्यक्रम मोहल्ल्याच्या उन्हाळी जत्रेत. तिथे म्हाताऱ्या बायका गोल करून पारंपरिक नाच नाचत होत्या. यांनी समाजव्यवस्थेची राखरांगोळी करण्याचं गाणं गळा फाडून म्हटलं. बायकांनी एकही पाऊल न चुकता त्याच्यावर तोच नाच पुरा केला आणि शेवटी यांना कलिंगड दिलं. "त्या दिवशी मला कळलं," ओया-सान म्हणाले, "की जपान मोडणं अवघड आहे."

ड्रमरची दोन वैशिष्ट्यं होती. एक, तो प्रत्येक ठिकाणी उशिरा यायचा. आणि दोन, गाणं सुरू करायला तोच आकडे मोजायचा. "इची, नी, सान, शी!" चौथा आकडा म्हणताना तो शिंकल्यासारखा म्हणायचा. ती शिंक आल्याशिवाय बाकीच्या दोघांचे हात हलत नसत. बँडचा एकमेव नियम असा, की तो आल्याशिवाय सुरू करायचं नाही. एकदा तो इतका उशिरा आला की सगळे प्रेक्षक निघून गेले होते आणि तिघांनी हॉलच्या मालकासमोर पूर्ण कार्यक्रम केला.

पुढे व्हायचं तेच झालं. ओया-सानांना वडिलांची इमारत मिळाली, बेसवाला योकोहामात टॅक्सी चालवू लागला आणि ड्रमर आपल्या गावी जाऊन वडिलांचा समुद्री शेवाळाचा धंदा बघू लागला. मार्चमधल्या भूकंपानंतर त्सुनामीचा इशारा झाला तेव्हा तो बायकोला टेकडीवर सोडून "बोट बघून येतो" म्हणून खाली गेला होता.

"मग?" मी विचारलं.

"उशीर होतोय त्याला," ओया-सान म्हणाले. "नेहमीचंच आहे."

मी मेणबत्ती न घेताच वर आलो.

जुलै संपता संपता ड्रमरच्या बायकोचा फोन आला. ऑगस्टमध्ये तिकडे ओबोन असतो, आपल्या पितृपक्षासारखा, आणि माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या ओबोनचं महत्त्व वेगळं. ती आता तात्पुरत्या घरांच्या वसाहतीत राहत होती. तिचं मागणं एवढंच होतं, की नवऱ्याच्या मित्रांनी यावं, त्याचं गाणं वाजवावं आणि त्याला निरोप द्यावा. "त्याला असं अर्धवट लटकत ठेवू नका," ती म्हणाली होती. ओया-सानांनी मला सांगितलं, "वाजवणार. निरोप वगैरे नाही. निरोप गेलेल्याला देतात."

आता प्रश्न ड्रमचा. इथे माझ्या एका जुन्या फुशारकीने माझा घात केला. मी कधीतरी ओया-सानांना फोनवर पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीचा व्हिडिओ दाखवून "हा बघा, हा मी" म्हणून ढोल बडवणारा एक ठिपका दाखवला होता. तो मीच होतो हे खरं. पण त्या पथकात मी शेवटच्या रांगेत होतो, आणि एका वर्षी माझ्या ढोलाचं पान फाटलं तरी मी लक्ष्मी रोडभर तो वाजवत राहिलो आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही, हेही खरं. ताशा सांगणार आणि आम्ही ठोकणार. स्वतःहून सुरुवात करणं हे काम माझ्या सात पिढ्यांत कुणी केलेलं नव्हतं.

केतकीला फोनवर सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "मंदार, तू? ड्रम? अरे, तुला आरतीत टाळ्या धड वाजवता येत नाहीत."

"त्यांना दुसरं कुणी नाहीये गं."

"मग जा. पण तिथे पोचल्यावर शहाणपणा करू नकोस."

माझी अडचण ओया-सानांनी सोडवली. त्यांच्याकडे पहिल्या दिवसांतली एक कॅसेट होती. त्यात गाणं असं फारसं ऐकूच येत नसे, पण सुरुवातीचे चार आकडे मात्र स्वच्छ. त्यांच्या गॅरेजमध्ये सराव सुरू झाला. ते कॅसेट लावायचे, टेपमधून "इची, नी, सान, शी!" यायचं, शिंक ऐकली की मी ठोकायला लागायचो. कॅसेट म्हणजे माझा ताशा. बेसवाला टॅक्सीच्या ड्युटीवरून यायचा, पांढरे हातमोजेही न काढता वाजवायचा आणि जाताना दर वेळी मला एकच सांगायचा, "तू फार वाईट वाजवतोस. चांगलं आहे. तोही वाईटच वाजवायचा."

भाड्याची व्हॅन घेऊन आम्ही निघालो. बेसवाला चालवत होता. किनाऱ्याला लागलो. गाव नव्हतंच. चौथऱ्यांच्या रेघा होत्या, आणि पलीकडे ढिगाऱ्यांचे डोंगर. जवळ गेल्यावर दिसलं, की ते डोंगर वेगवेगळे केलेले आहेत. लाकडाचा वेगळा, लोखंडाचा वेगळा, चटयांचा वेगळा, चुरगळलेल्या मोटारींचा वेगळा. ओया-सानांनी व्हॅन थांबवायला सांगितली. खाली उतरले आणि आयुष्यभर कचऱ्यासमोर उभे राहत आले तसे त्या लाकडाच्या डोंगरासमोर उभे राहिले. त्यात दारं होती, पाळण्याचा कठडा होता, शेवाळ वाळवायच्या चौकटी होत्या. वसाहतीत पोचल्यावर तिथल्या प्रमुखाने विचारलं, "बँडचं नाव काय सांगू?" तेव्हा ओया-सान म्हणाले, "नाव नाही. कावासाकीहून आलोय असं सांगा."

वसाहतीच्या सभागृहात घडीच्या खुर्च्यांवर तीसेक माणसं होती, बहुतेक म्हातारी, गळ्यात टॉवेल. पुढे ड्रमरची बायको, समुद्राच्या वाऱ्याने रापलेली ठेंगणी बाई. तिने ओया-सानांना वाकून नमस्कार केला आणि हळूच म्हणाली, "वाजवण्याआधी दोन मिनिटं मौन पाळू या का?"

"नको," ओया-सान म्हणाले. "तो आला की लगेच सुरू करू."

तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली घातली. मग ती जाऊन बसली.

टेपरेकॉर्डर माझ्या शेजारी ठेवला होता. सरावात तो नेहमी ओया-सान लावायचे. आज त्यांच्या गळ्यात गिटार होती, त्यांनी मला मान हलवून खूण केली. मी दोन्ही काठ्या डाव्या हातात घेतल्या. मी बटण दाबलं. चक्र फिरायला लागलं. मी काठ्या उचलून शिंकेची वाट बघू लागलो.

आवाज आला नाही. मला वाटलं सुरुवातीला कोरी फीत असेल. ओया-सान थांबले होते, बेसवाला थांबला होता, मी थांबलो होतो. ताशा वाजल्याशिवाय हात उचलायचा नाही हे हाडात मुरलेलं. समोरच्या रांगेतल्या एका आजोबांनी टोपी काढली आणि मान खाली घातली. त्यांच्या शेजारच्या बाईंनी घातली. मग एकेक करत सगळ्या सभागृहाच्या माना खाली गेल्या. बाहेर सिकाडा किडे किरकिरत होते तेवढाच आवाज. ड्रमरची बायको हात जोडून, डोळे मिटून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते.

तेव्हा मला टेपवरचा लाल दिवा दिसला. मी लाल बटण दाबलं होतं. टेप वाजत नव्हती, टेप भरत होती. ते चार आकडे, त्या माणसाचा या पृथ्वीवर उरलेला तेवढाच आवाज, माझ्या डोळ्यांदेखत पुसला जात होता. नव्हे, पुसून झालाच होता.

मी ओया-सानांकडे पाहिलं. तेही त्या लाल दिव्याकडेच बघत होते. मला वाटलं आता ते आयुष्यात पहिल्यांदा खरंच काहीतरी फोडतील, आणि ते माझं डोकं असेल. त्यांचा चेहरा एकदा आक्रसला. मग त्यांनी समोरच्या खाली झुकलेल्या मानांकडे पाहिलं. त्या बाईकडे पाहिलं. आणि तो करडा तुरा सावकाश, फार सावकाश खाली झुकला.

किती वेळ गेला मला ठाऊक नाही. त्यांनी मान वर केली तेव्हा चेहरा ओला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि घोगऱ्या आवाजात, स्वतः मोजलं. "इची, नी, सान..." आणि चौथा आकडा ते शिंकल्यासारखं म्हणाले.

मी ठोकलं. फार वाईट ठोकलं. गाण्यात कुणाची तरी राखरांगोळी होणार होती, पण त्या सभागृहात ती आधीच झालेली होती, म्हणून ओया-सानांनी शब्द म्हटलेच नाहीत, नुसते ओरडत राहिले. दुसऱ्या फेरीला मागची एक आजी उठली आणि ओबोनचा नाच नाचू लागली. एकही पाऊल चुकलं नाही. निघताना ड्रमरच्या बायकोने ओया-सानांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "आता तो पोचला." आम्हाला तिने कलिंगड दिलं. परतीच्या वाटेवर ते कलिंगड माझ्या मांडीवर होतं आणि मी त्यालाच सांगत होतो, "चूक झाली, ओया-सान, फार मोठी चूक झाली." गाडी चालवता चालवता बेसवाला म्हणाला, "कलिंगडाची बी कुठे टाकायची ते विचारून ठेव. जळणाऱ्या कचऱ्यात चालते की नाही, हा सांगेल."

केतकी आणि लेक परत आल्या. आम्ही अजून त्याच इमारतीत आहोत. झाकणं अजून वेगळी करावी लागतात. ओबोन आला की बेसवाला हातमोजे घालून येतो, गॅरेजचं दार बंद होतं, आणि ओया-सान स्वतः टेप लावतात. मला टेपच्या जवळही जाऊ देत नाहीत. त्या फितीवर आता आधी लांबलचक शांतता आहे. सिकाडा आहेत, कुणाचं तरी नाक ओढणं आहे, एक खुर्ची करकरते. आणि मग ओया-सानांच्या आवाजात आकडे. ती शांतता दर वेळी पहिल्यापासून ऐकावी लागते. एका वर्षी मी न राहवून म्हणालो, "थोडी पुढे ढकलू का? आकड्यांपर्यंत?"

ओया-सानांनी माझा हात हलकेच बाजूला केला.

"थांबा, रेरे-सान," ते म्हणाले. "त्याला उशीरच होतो."