गिरणेपर्यंत पायी

खुर्चीतून उठण्याआधी अक्का दोन्ही गुडघ्यांवर एकेक चापट मारायच्या आणि सगळं काम पडलंय म्हणून शेतातल्या आळशी गड्यांना हाक मारावी तसं अहिराणीत म्हणायच्या, "उठा भो, बठ्ठं काम पडेल शे." गडी उठले तर भिंत, कपाट, दाराची चौकट धरत त्या स्वयंपाकघरापर्यंत पोचायच्या. नाही उठले तर मला म्हणायच्या, "बाई, चहा तुम्हीच टाका. आज मना गडी रजावर शेतस."

भडगावच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हापासून आम्ही शेजारी. अकरा वर्षं. तुमच्याही शेजारी अशी एखादी बाई असेल, जिच्या घरी जायला कारण लागत नाही. शाळा सुटली की मी आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्या घरी. त्यांनी साठी ओलांडली होती, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, दोन्ही मुलगे सुरतेला. अक्का दिवसभर घरातच, कारण घराच्या दोन पायऱ्या उतरणं हाच एक प्रवास होता. वजन किती, हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारायची कोणाची छाती नव्हती.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर जाते. अक्कांच्या भाऊबंदांची कानबाई त्यांच्याच घरी बसायची. चौरंगासकट ती डोक्यावर घेऊन गिरणेपर्यंत पायी न्यायचा मान थोरल्या सुनेचा, म्हणजे अक्कांचा. लग्नानंतर तो त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळला. मग गुडघे गेले. तेव्हापासून सहा वर्षं कानबाई धाकट्या जावेच्या डोक्यावर आणि अक्का मागून रिक्षात. जावेबद्दल त्या कधी वाकडा शब्द बोलल्या नाहीत. पण एका सोमवारी मी त्यांना रिक्षातून उतरवत होते, तेव्हा त्या खाली बघत म्हणाल्या, "माय पुढे चालस नि मी रिक्षामा. माले लाज वाटस, बाई."

धुळ्याच्या डॉक्टरांनी गुडघ्यांचे फोटो बघितले आणि सांगितलं, ऑपरेशनचं नंतर बघू, आधी वजन उतरवा. अक्कांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, डोक्यावर चौरंग घेऊन दीड किलोमीटर चालता येईल का? डॉक्टर बहुधा मुंबईकडचे असावेत. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग म्हणाले, आजी, आधी नुसतं चालून दाखवा.

दवाखान्यातल्या काट्यावर दहा पेशंटांसमोर उभं राहायला अक्कांनी साफ नकार दिला होता. दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या रिक्षाने भडगावच्या मार्केट यार्डात गेल्या. तिथे ओळखीच्या एका आडतीवर पोती मोजायचा काटा होता. अक्कांनी हमालांना फर्मावलं, "तोंडं तिकडे करा रे भो." सगळे पाठमोरे उभे राहिले. अक्का काट्यावर चढल्या, आणि मापाड्याने जन्मभराच्या सवयीने, यार्डभर ऐकू जाईल असा आकडा पुकारला, "एकशे अठराऽ." हमालांच्या पाठी हलायला लागल्या. मला कुठे तोंड लपवू असं झालं. अक्का मात्र स्वतःच एवढ्या हसल्या की काट्यावरचा आकडा ठरेना. रिक्षात बसल्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि तो घर येईपर्यंत काढला नाही.

तेव्हा होळी नुकतीच झाली होती. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पहाटे चालायला लागलो. पहिल्या दिवशी गल्लीतल्या विजेच्या पहिल्या खांबापर्यंत. परत येताना त्या वाटेत दोन ओट्यांवर बसल्या, आणि ज्यांच्या ओट्यावर बसलो त्यांनी चहा आणला, त्याला नाही म्हणताना अक्कांना चालण्याहून जास्त त्रास झाला. चहातली साखर गेली. दुपारचा भात गेला. भरितावर तेलाचा तवंग नसला तर ज्या ताट सरकवायच्या, त्या आता चमचाभर तेलात भरीत करायला लागल्या. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, एक भाकरी, आणि सूर्य मावळायच्या आत जेवण. शेवभाजी त्यांना सोडवत नव्हती, म्हणून त्यांनी तिच्यातली शेव सोडली. नुसता रस्सा पीत मला म्हणाल्या, "बाई, लग्न शे, पन नवरदेव नही."

माझा स्वभाव मास्तरणीचा. मी खांब मोजायचे, वहीत किलो लिहायचे, चुकलं की रागवायचे. श्रावणापर्यंत अकरा किलो उतरले आणि मीच जास्त मिरवले. त्या वर्षी अक्का रिक्षात बसल्या खऱ्या, पण वाटेत उतरून शेवटचा टप्पा पायी आल्या.

आणि मग रोटाने घात केला. कानबाईचा रोट म्हणजे घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजायचा, तो दळायचा आणि त्याच्या पोळ्या करायच्या. तो भाऊबंदांनीच संपवायचा, बाहेरच्याला घास द्यायचा नाही, काही टाकायचं नाही. अक्कांनी सुरतेच्या दोन्ही मुलांचा आणि नातवांचा गहू मोजला होता. रस्ता पाण्याने बंद झाला आणि कोणीच आलं नाही. जावेच्या घराने आपला वाटा संपवला. उरलेल्या पिठाच्या पुरणपोळ्या अक्का एकट्या चार दिवस खात राहिल्या. मी म्हटलं, मला द्या, मी खाते. त्या घाबरून म्हणाल्या, "तुम्ही आमना भाऊबंद नहीत, बाई."

चार दिवसांचं गोड मी सोडून दिलं असतं. पण जीभ एकदा सुटली ती सुटलीच. पाऊस, चिखल, सण असं म्हणत चालणं थांबलं. दिवाळीपर्यंत सात किलो परत आले. मी नको ते बोलले. म्हटलं, तुमच्यासाठी मी पहाटेची झोप मोडते आणि तुम्ही पोळ्या खाता. त्यांनी मान खाली घातली. पुढचे आठ दिवस मी गेले नाही. आजही त्या आठ दिवसांची मला लाज वाटते. नवव्या पहाटे दार वाजलं. अक्का दारात उभ्या, धापा टाकत, एका हाताने माझ्या भिंतीला धरून. "मी तीन खांब एकटी जाई ऊनी," त्या म्हणाल्या. मी चपला घातल्या.

त्यानंतर एक दिवस चुकला नाही. हळूहळू त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या, गालाची कातडी ओघळली. गावात बायका मला बाजूला घेऊन विचारत, अक्कांना काय आजार झालाय? दोघीतिघींनी तर ताकद यावी म्हणून डिंकाचे लाडू आणून दिले. अक्का ते हसत घ्यायच्या आणि माझ्या हातात द्यायच्या. त्या वर्षात माझं वजन पाच किलोने वाढलं, हे इथे सांगून टाकते.

दुसऱ्या श्रावणाच्या आधी काटा एकोणऐंशीवर आला होता. पण त्यांना आकड्याशी देणंघेणं नव्हतं. आषाढभर त्या डोक्यावर पाट, पाटावर पाण्याने भरलेली घागर ठेवून नदीच्या रस्त्याने चालल्या. मी बाजूने, हात पुढे करून. सुरुवातीला दोघी रोज भिजून घरी यायचो. मुलांना त्यांनी फोन केला, "गहू मोजाई ग्यात. येनं व्हयी ते या, नही ते मी रोट लई सुरतले येसू." सगळे आले.

खरा प्रश्न रविवारी संध्याकाळी निघाला. कानबाई वाटेत पडली तर तो सगळ्या भाऊबंदांना अपशकुन. थोरला मुलगा म्हणाला, "आई, हट्ट करू नको, काकू नेतील." जाऊही हळूच म्हणाली, "अक्का, पडनात ते?" अक्कांनी तिचा हात हातात घेतला. "मी पडसू, पन मायले पडू देत नही." मग त्यांनी सगळ्यांसमोर भरलेली घागर डोक्यावर घेतली, घराच्या दोन पायऱ्या उतरल्या, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आल्या आणि पायऱ्या चढल्या. अंगणात पाण्याचा थेंब पडला नव्हता. जावेने पुढे होऊन घागर उतरवून घेतली आणि मुलगा आत गेला.

सोमवारी सकाळी अक्का चालल्या. पुढे वाजंत्री, फुगड्या घालणाऱ्या मुली, मागे आम्ही. मी एकदाही त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही, फक्त पावलांकडे बघत होते. उतारावर एकदा डावा पाय थरथरला आणि त्या थांबल्या. जाऊ पुढे सरसावली. अक्कांनी डोळ्यांनीच तिला नको म्हटलं, श्वास घेतला, आणि पाय पुढे टाकला. गिरणेला चांगलं पाणी होतं. गुडघाभर पाण्यात उतरून त्यांनी कानबाई मुलाच्या हातात दिली, आणि मग त्या तिथेच उभ्या राहून रडल्या. काठावर मीही रडत होते.

आता अक्का घरी सापडत नाहीत. एसटीची उंच पायरी चढता यायला लागल्यापासून त्यांच्या दाराला कुलूपच असतं. आज बहिणीकडे, उद्या भाचीच्या बाळंतपणाला, परवा जळगावला. एकदा फोन केला तर पारोळ्याहून धापा टाकत म्हणाल्या, "पारोयाना किल्लामा शे, बाई, मंग बोलसू." एवढी वर्षं मी समजत होते की घरात अडकलेल्या एका बाईला मी रोज सोबत करते. शाळा सुटल्यावर त्या कुलपासमोर उभी राहिले तेव्हा मला कळलं की सोबत मलाच लागत होती.

काल भरीत केलं होतं. डबा घेऊन गेले आणि तसाच परत आणला. संध्याकाळी सुरतेहून त्यांचा फोन आला. मागे नातवंडांचा गोंधळ चालला होता. "बाई, आखो पंधरा रोज राहस इथं. चाली ना?"

"राहा की, अक्का. काही घाई नाही," मी म्हटलं. फोन ठेवल्यावर एकटीच भाकरी खायला बसले. उद्याच या, असं म्हणायचं होतं.