मीठ किंचित कमी

“चांगलं नको, खरं सांग.”

हे म्हणताना काका कपाचा कान सोडत नसत. कप तुमच्या हातात आलेला असायचा, पण त्याचा कान अजून त्यांच्याच चिमटीत. पहिला घोट त्यांच्या नजरेसमोर घ्यायचा, मत द्यायचं, तेव्हा कुठे तो कप तुमचा. पाहुणा बिचारा घाईघाईने “छान झालंय” म्हणायचा. काका कप मागे ओढायचे. “छान काय कोनीपन बोलतं. खरं सांग.”

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पाहुणचारसुद्धा परीक्षेसारखा घेणारी.

सातिवलीला एका गाळ्यात आमचा चॉकलेटच्या लाद्यांचा लहानसा कारखाना. माल बेकऱ्यांना जायचा. मी ऑफिसात, ऑर्डरी आणि गाड्या बघायला. काका, म्हणजे सगळ्या गाळ्याचेच काका, आत, चव बघायला. मशीनं बरीच होती, पण माल जाणार की राहणार हे ठरवणारी जीभ एकच. काका लादी कानाजवळ धरून मोडायचे, तुकडा जिभेवर ठेवून डोळे मिटायचे, आणि ते डोळे उघडेपर्यंत मालकसुद्धा गप्प उभा असायचा.

माझ्या पहिल्या दिवशी त्यांनी मला एक काळपट तुकडा दिला. “नवीन माल हाय. मोठा घास घे.” मी कराडकडची, फुकटच्या गोडाला कधी नाही न म्हणणारी. अख्खा तुकडा तोंडात टाकला. तो होता नुसत्या कोकोचा, साखरेचा कणही नसलेला. मी थुंकायला धावले तर मागून काका म्हणतात कसे, “तुम्ही घाटावरची मानसं! चहात साखर घालत नाय, साखरेत चहा घालता. आता कळलं चॉकलेट म्हंजे काय?” सगळा गाळा खिदळला. याची परतफेड करायची, हे मी बेसिनपाशी चूळ भरतानाच ठरवलं. माझा स्वभाव तसा वाईट आहे. मी विसरत नाही.

पण परतफेडीआधीच काकांनी काम सोडलं. निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती. मोठा ताप येऊन गेला होता, पण परत कामावर येऊन महिना झाला होता आणि तब्येत चांगली दिसत होती. मालकाने खूप विनवलं. “वाडी बघायची हाय,” एवढंच काकांचं उत्तर. म्हाताऱ्याला दुसऱ्या कोणी जास्त पगार देऊ केला असणार, असं गाळ्यात सगळे बोलले. मीही बोलले, उगाच साळसूदपणा कशाला?

त्यांची वाडी गिरीजला. केळी, नारळ, थोडी भाजी, मधोमध घर. माझा फ्लॅट रिक्षाने पंधरा मिनिटांवर. कारखान्यात तुटलेल्या लाद्या आम्हाला घरी न्यायला मिळत. त्या पिशवीत घालून मी रविवारी काकांकडे जायला लागले, कारण काका त्याचं हॉट चॉकलेट करत. एकदा प्यायलं की बाहेरचं सगळं कोमट दूधपाणी वाटावं असं ते असायचं.

करायची रीत सांगते. म्हशीचं दूध, साय न काढलेलं. लादी सुरीने बारीक तासून. आधी वाटीभर दुधात चॉकलेट मंद आचेवर विरघळवायचं, त्याचा दाट चिखल झाला की उरलेलं दूध धारेने सोडायचं. साखर नाही, त्याऐवजी आगाशीच्या बाजारातली सुकेळी, म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली राजेळी केळी, तिचा एक तुकडा कुस्करून घालायचा. उकळी येऊ द्यायची नाही. रवीने घुसळायचं, आणि सगळ्यात शेवटी चिमूटभर मीठ. “मिठाबिगर गोडाला अक्कल येत नाय,” काका म्हणायचे. हॉटेलात कॉर्नफ्लोर घालून दाट करतात ना, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, “खळ कपड्याला घालतात, मानसाला नाय.”

एका रविवारी कप भरून टेबलावर ठेवले होते. तेवढ्यात वाडीतली मोटर बंद पडली म्हणून काका बघायला गेले. काकू मागच्या पडवीत भांडी घासत होत्या. समोर मिठाची बरणी उघडी. मी काकांच्या कपात तीन चमचे मीठ घातलं, चांगले शिगोशीग, आणि ढवळून साळसूदपणे बसले.

काका आले. मोठा घोट घेतला. मी ओढणी तोंडाशी धरलेली. त्यांनी डोळे मिटले, जीभ टाळ्याला लावून वाजवली आणि म्हणाले, “आज सुकेळी झकास लागतेय.”

मग दुसरा घोट घेतला. मग तिसरा.

माझं हसू जागच्या जागी विझलं. “काका, पिऊ नका,” मी म्हणाले. “मीठ आहे त्यात. मी घातलंय, तीन चमचे.”

कप अर्धा झाला होता. तो त्यांनी हळूच खाली ठेवला आणि आधी मागच्या दाराकडे पाहिलं. “तापात गेली,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “जीभ पन आनि नाक पन. महिनाभर वाट बघितली. चव कळत नाय आनि चव बघायच्या खुर्चीत बसायचं, ते काय बरं दिसतं?”

म्हणून काम सोडलं होतं तर. आणि आम्ही गाळ्यात काय काय बोललो होतो! मला माझीच लाज वाटली.

“हिला बोलू नको,” काका म्हणाले. “सकाळपासून चुलीपाशी असते. मला सगळं मातीगत लागतं हे तिला कळलं, तर रांधील कोनासाठी?”

एवढ्यात काकू आल्या, टेबलावरचे कप उचलून मागे धुवायला घेऊन गेल्या. 

त्या दिवसापासून मी काकांची जीभ झाले. पण ही नोकरी सोपी नव्हती. बत्तीस वर्षं काका काकूंच्या रांधण्याला नावं ठेवत आले होते. ते मुकाट जेवले असते तर काकूंना संशय आला असता. म्हणून रविवारी मी जेवायलाही थांबू लागले. पहिला घास मी घ्यायची आणि मोठ्याने म्हणायची, “काकू, कालवण फर्मास! मीठ किंचित कमी वाटतं का?”

लगेच काका घास उचलायचे. “किंचित? काहीच नाय! हिचा हात मिठाला घाबरतो.”

“तुमची जीभ म्हंजे कारखान्यातलं मशीन,” काकू म्हणायच्या आणि वर भात वाढायच्या. काका माझ्याकडे बघून डोळा मारायचे. आमच्या हुशारीवर आम्ही बेहद्द खूश होतो.

एकच गोष्ट मला कळत नसे. काकूंच्या हाताला खरं तर चव होती, पण दर रविवारी काहीतरी कमी असायचंच. कधी मीठ, कधी चिंच. मला वाटायचं, वय झालं.

आणि हॉट चॉकलेट झालं की काका कपाचा कान धरून माझी उलटतपासणी घ्यायचे. “कडू लागतंय” म्हणून सुटका नसे. “कडू म्हंजे कसं? कारल्यागत की मेथीगत?” चव म्हणजे छान किंवा घाण, एवढे दोनच शब्द येणारी मी, त्यांच्यापायी बोलायला शिकले. “मागून येतं काका, घोट गिळल्यावर. सुपारीसारखं, जरासं तुरट.” ते डोळे मिटून मान डोलवायचे. “हां. आता आलं,” म्हणायचे. खरंच येत होतं की माझं मन राखत होते, देव जाणे. पण त्या वेळी मला त्यांची फार माया यायची. कधी चॉकलेट खाली लागलेलं असायचं आणि खोटं बोलावंसं वाटायचं. चिमटीतला कान सुटायचा नाही. मी खरं सांगायची, आणि ते पुढच्या रविवारी आच कमी करायचे.

यंदा नवरात्राच्या आधी एका सकाळी काका मोटर लावायला उठलेच नाहीत.

दिवसकार्याला मी गेले, पण त्यानंतर किती तरी रविवार माझे पाय गिरीजकडे वळेनात. शेवटी एकदा तुटक्या लाद्यांची पिशवी घेऊन गेले. काकूंनी पिशवी घेतली. लादी तासली, वाटीभर दुधात विरघळवली, सुकेळी कुस्करली, रवी फिरवली. कप माझ्या हातात दिला. मी घोट घेतला आणि म्हणाले, “छान झालंय, काकू.”

कपाचा कान त्यांच्या चिमटीत होता. त्यांनी तो सोडला नाही.

“चांगलं नको, खरं सांग.”

 “मीठ नाही घातलंत, काकू,” मी कसंबसं म्हणाले.

“नाय घातलं. कालवनात तरी कधी पुरतं घालायची? तुम्हा दोघांना बोलायला कायतरी नको?”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

“बत्तीस वर्षं नावं ठेवनारा मानूस ताप उतरल्यावर गप जेवाया लागला,” काकू म्हणाल्या. “मला काय कळनार नाय? मग तू याया लागलीस आनि परत नावं ठेवाया लागले. लय बरं वाटलं गो मला. घर परत घरासारखं झालं.” मग जरा पुढे वाकून म्हणाल्या, “आनि त्या दिवशीचा कप मी धुवायच्या आधी चाटून बघितलेला. किती घातलेलंस?”

“तीन चमचे.”

“आनि त्यांनी अर्धा कप प्यायला?”

“हो.”

“तोंड तरी वाकडं केलं?”

“नाही. सुकेळी झकास लागतेय म्हणाले.”

काकू हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून हसल्या, पदर डोळ्यांना लावून हसल्या, आणि त्यांच्याबरोबर मीही. बऱ्याच वेळाने त्यांनी कपाचा कान सोडला आणि मिठाची बरणी माझ्यापुढे सरकवली.

“घाल,” त्या म्हणाल्या. “पन चिमूटभरच.”