पाकिटाची पाठ वाचणारा साडू

अख्ख्या उज्जैनमध्ये कुठल्याही वस्तूचं तोंड सोडून आधी पाठ बघणारा माणूस एकच, आणि तो माझ्या नशिबी साडू म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. जन्मभर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होता. पेटीच्या पुढच्या बाजूला काय वाट्टेल ते छापलेलं असो, आत खरं काय आहे ते मागच्या चिठ्ठीवरच कळतं, हे तिथं त्याच्या हाडात मुरलं. रिटायर झाल्यावर पेट्या सुटल्या, तेव्हा यानं बिस्किटं धरली. गळ्यात पायजम्याच्या नाडीला बांधलेलं भिंग असतं. टावर चौकातल्या किराण्याच्या दुकानात हा उभा राहिला की मागं लाईन लागते. दुकानदार कावून म्हणतो, "बाबूजी, लेना है या पढ़ना है?" हा भिंगातून डोळा न काढता म्हणतो, "पढ़ूँगा तभी तो बताऊँगा, लेना है कि नहीं।" आणि एकदा सापडलं की काय आनंद होतो त्याला! पुढं मोठ्या अक्षरात 'साखर नाही', आणि मागं मुंगीएवढ्या अक्षरात नऊशे एक्कावन्न, नाहीतर नऊशे पंचावन्न. साखरेच्या जागी जी गोड रसायनं घालतात त्यांचे हे नंबर. त्याला ते गाड्यांच्या नंबरासारखे पाठ आहेत. "लो भिया, पंचावन्न भी आ गई!" असं ओरडतो, जसा काही प्लॅटफॉर्मवरच उभा आहे.

साखरेशी त्याचं भांडण नाही, हे मुद्दाम सांगतो. सकाळी पोह्यांबरोबर जिलबी नसेल तर तो पोह्यांकडं बघतसुद्धा नाही. त्याचं म्हणणं एवढंच की साखर समोरच्या दारानं येते, आपण तिला बघून आत घेतो. ही दुसरी मंडळी मागच्या दारानं येतात. बडीशेपेत येतात, खोकल्याच्या औषधात येतात, बाटलीतल्या सरबतात येतात, आणि पुढं जाऊन काय करतात ते कुणी धड सांगत नाही. "काय वाट्टेल ते खा हो, पण काय खातोय ते माहीत असू द्या," हे वाक्य त्यानं इतक्यांदा ऐकवलंय की माझ्या पिठाच्या गिरणीत दळण टाकायला येणाऱ्या बायकाही त्याची नक्कल करायच्या.

नानाखेड्याला एका लग्नात गेलो होतो. तिथं शुगर फ्री रबडीचा वेगळा स्टॉल होता. झालं, हा तिथंच वाढप्यासारखा उभा राहिला आणि येईल त्याला विचारू लागला, "यात काय घातलंय, माहीत आहे?" लोक वाटी ठेवून द्यायला लागले. नवरीचा बाप हात जोडत आला, "साहेब, तुम्ही जरा पानाकडं चला ना." पानाच्या स्टॉलकडं गेला तर तिथली गोड बडीशेप जिभेवर धरून डोळे मिटले आणि म्हणाला, "मागून कडू येतंय. इथं पण आहे." शेवटी नवरीच्या बापानं त्याच्यापुढं साखरेच्या पाकातल्या गुलाबजामांचं अख्खं भांडं ठेवलं, तेव्हा कुठं वऱ्हाडाला शांतता मिळाली.

घरात तर विचारूच नका. टूथपेस्टला गोडवा कशाचा असतो हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवसापासून त्याच्या घरी मीठ-हळद सुरू. अक्का, म्हणजे माझी मेहुणी, बिचारी पेस्टची ट्यूब देवघरात समयांच्या मागं लपवून ठेवायची. यानं एकदा सकाळी आरतीला तोंड उघडलं आणि थांबला. "देवघरात पुदिन्याचा वास कसा?" अक्का शांतपणे म्हणाली, "देव दात घासतायत. तुम्ही आरती म्हणा."

पण त्याचं खरं भांडण होतं ते माझ्या बायकोशी. हिला डायबिटीस. डॉक्टरांनी साखर बंद केली आणि चहात गोळी घालायला सांगितली. ती छोटीशी डबी असते ना, वरून दाबली की टक् करून एक गोळी पडते, तसली. सकाळचा चहा मी करायचो, गोळी ही घालायची. साडू रोज सकाळी स्कूटरवरून आमच्याकडं चहाला येणार, आणि ही ती डबी मुद्दाम त्याच्या कानाशी नेऊन दाबणार. टक्. "भाऊजी, ऐकलंत? पडलं विष."

"शालू, अगं डॉक्टर पण माणूसच आहे! ती डबी उलटी करून वाच तरी एकदा!"

"तुम्हीच वाचा, म्हणजे चहा गार होईल आणि मला दुसरा मिळेल."

मग हा भिंग लावून एकेक नाव वाचायचा, अडखळायचा, शिव्या घालायचा, आणि ही पदर तोंडाला लावून हसायची. एकदा म्हणाली, "तुम्ही जिलबीनं जा भाऊजी, मी गोळीनं जाते. वर भेटलो की बघू कोणाचं चुकलं ते." तिघंही हसलो. हसण्यासारखंच होतं.

मागच्या वैशाखात ही गेली. मेथी निवडत बसली होती, भिंतीला टेकली, संपलं. हार्ट, डॉक्टर म्हणाले. मला तेवढं पुरायला हवं होतं. पण पुरलं नाही. 'मी गोळीनं जाते' हे तिचं हसत बोललेलं वाक्य माझ्या डोक्यात घोंघावायला लागलं. डबी चहाच्या डब्याशेजारी तशीच होती. साडू येतच होता रोज, पण एक फरक पडला. माझ्या घरात त्यानं वाचणं सोडलं. समोर बिस्किटाचा पुडा असला तरी हात लावेना. डबीकडं तर बघेचना. जो माणूस देवाच्या प्रसादाला सोडत नाही, तो गप्प बसलाय, म्हणजे त्याच्या मनात काय असणार? मला वाटलं, याला ठाऊक आहे. माझी दया येते म्हणून बोलत नाहीये.

मला आडून विचारता येत नाही. एका सकाळी कप त्याच्या हातात दिला आणि सरळ विचारलं, "साडूभाऊ, खरं सांगा. त्या गोळ्यांनी गेली का ही?"

त्यानं कप खाली ठेवला. भिंगाच्या नाडीला एक गाठ मारली. मग म्हणाला, "आपल्या सासूबाई कशा गेल्या, आठवतंय?"

"अशाच. बसल्या जागी."

"त्यांनी जन्मात गोळी पाहिली नव्हती. गुळाचा चहा प्यायच्या. शालूचं हृदय आईवर गेलं होतं, साडूभाऊ. गोळीचा काही संबंध नाही."

"मग तुम्ही इतकी वर्षं ओरडत काय होतात?"

"बाकी सगळीकडं ओरडायचो ते मनापासून. इथं ओरडायचो, कारण ती हसायची."

एवढं बोलून त्यानं डबी उचलली, आपल्या कपावर धरली आणि दाबली. टक्. जो माणूस दातांना पेस्ट लावत नाही, त्यानं तो चहा तळापर्यंत प्यायला. तोंड असं केलं, जसं मांजरानं लिंबू चाटावं. मग मोरीत जाऊन खळखळून चुळा भरल्या, मिशी पुसत परत आला आणि म्हणाला, "काय घाण लागतं हो! आता अर्धा कप साखरेचा द्या." मी आत जाऊन आधण ठेवलं. डोळे पुसायलाही आतच जावं लागलं.

आता तो रोज आला की आधी डबी उचलतो, उलटी करतो, भिंग लावतो आणि मोठ्यानं वाचायला लागतो. अडखळतो, शिव्या घालतो, कंपनीच्या सात पिढ्या काढतो. एवढ्यात चहा उकळतो. तो भिंगावरून माझ्याकडं बघतो, आणि मी हसतो. जमेल तसं हसतो. ती जागा रिकामी ठेवून चालणार नाही, नाहीतर हा वाचायचा थांबेल.